अंकलचा कागद, माझी फाइल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, तर वसईजवळच्या उमेळ्याच्या अंकलचे. आईवडिलांच्या आधी मी त्यांचं नाव घेतो आणि आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांचंही मत तेच आहे. अंकल जुने पियानो दुरुस्त करतात. पुढे त्यांचं घर, मागे पत्र्याची शेड, आणि शेडच्या तिन्ही बाजूंना आता सात-सात माळ्यांच्या इमारती. पूर्वी तिथे केळी होत्या. गेल्याच आठवड्यात त्यांनी मला "काय इंजिनियर!" अशी हाक मारली आणि ती कौतुकाची नव्हती. पण मला इंजिनियर म्हणता येतं, तेही त्यांच्यामुळेच.

मी वाडा तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. इंजिनियरिंगला वसईत प्रवेश मिळाला तेव्हा मी नालासोपाऱ्याला मामाकडे राहिलो. एक खोली, सहा माणसं आणि दिवसभर टीव्ही. मामा टेम्पो चालवतो आणि अंकलचे पियानो तोच ने-आण करायचा. त्याने एकदा अंकलना विचारलं, हा मुलगा तुमच्या शेडमध्ये बसून अभ्यास करेल का? अंकल म्हणाले, "टेबल आहे, दिवा आहे. बसू दे. फक्त सरसाच्या भांड्याला हात लावायचा नाही." सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा जुना गोंद, तो मंद आचेवर सतत गरम असायचा आणि त्याचा वास माझ्या सगळ्या वह्यांना यायचा. कॉलेजात मुलं विचारायची, तुझ्या घरी काय गुरं आहेत का?

चार वर्षं मी त्या टेबलावर शिकलो. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद कळला नाही की अंकल रंधा खाली ठेवून तो मोठ्याने वाचायचे, मग मराठीत सांगायचे, आणि कधीकधी म्हणायचे, "ह्या लिहिनाऱ्यालाच कळलेलं नाही, तू सोड." मशीन ड्रॉइंगच्या पेपरात मी पहिल्यांदा नापास झालो. त्यांनी पियानोची एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. "वरून काढ, बाजूने काढ, समोरून काढ. बरोबर आलं की आंटी जेवायला वाढेल." तीन दिवसांनी मला वेळेवर जेवण मिळू लागलं. पुढे निकाल लागला तेव्हा पदवीचा कागद त्यांनी हात धुऊन, पुसून, मग घेतला.

आता मी सातिवलीच्या एका युनिटमध्ये आहे. आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारा राउटर आहे. मोठं सपाट टेबल, त्याच्यावर गरगर फिरणारं कटर, आणि कॉम्प्युटर सांगेल तसं ते कटर पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली जातं. आम्ही काय कापतो? देव्हाऱ्याची जाळी. किचनचे दरवाजे. पुन्हा देव्हाऱ्याची जाळी. लग्नातले नवरा-नवरीच्या नावाचे बोर्ड. इतकं शिकून मी ओम आणि मोर यांच्या फाइली बनवतो, आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं, मोराची मान जरा बारीक करा.

दोन वर्षांपूर्वी अंकलचा उजवा खांदा धरला. मग हात थरथरू लागला. मनगट टेकवून बारीक कामं जमायची, पण जोर लावून करायची कामं राहू लागली. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात असते. ती फोनवर म्हणायची, डॅडी, शेड भाड्याने द्या आणि आराम करा. अंकल म्हणायचे, हा चर्चच्या हॉलचा पियानो झाला की बघू. हा पियानो म्हणजे आडवा, मोठा, त्यांच्या वडिलांनीही एकदा उघडलेला. तो झाला असता तर त्यांना शेड चालू ठेवायचा धीर आला असता. नाही झाला तर शेड जाणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. 

अडचण होती खुंट्यांच्या फळीची. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात. प्रत्येक तारेचं एक टोक लोखंडी खुंटीला गुंडाळलेलं असतं आणि खुंटी एका जाड लाकडी फळीत घट्ट बसवलेली असते. फळीच्या वर बिडाची प्लेट. प्लेटला भोकं, आणि त्या भोकांतून खुंट्या खाली फळीत उतरतात. फळी सैल झाली की आज लावलेला सूर परवा उतरतो. मग नवी फळी करायची. ह्या पियानोला दोनशे एकोणतीस भोकं होती. सगळी एका मापाची, सगळी जरा मागे कललेली, आणि प्रत्येक भोक वरच्या प्लेटच्या भोकाच्या बरोबर मध्यावर हवं. बाजूला सरकलं तर खुंटी बिडाला घासते आणि सूर लावताना चावी फिरवली की अडकत अडकत फिरते. अंकल आयुष्यभर ही भोकं ड्रिल दोन्ही हातांत धरून पाडत आले. आता ते शक्य नव्हतं.

"अंकल, भोकं आमचं मशीन पाडेल," मी म्हणालो.

"तुझं मशीन मोर कापतं."

"मशीनला काय, मोर आणि भोक सारखंच."

"तेच तर," ते म्हणाले. "त्याला सारखंच."

महिनाभर ते नाही म्हणत राहिले. मी दर रविवारी जायचो आणि दर रविवारी भांडण व्हायचं. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या मशीनला लाकूड ऐकू येतं काय? ड्रिल जळायला लागलं की आवाज बदलतो." मी म्हणालो, वेग ठरवून दिला की जळत नाही. "कोन ठरवनार?" मी. "तू कधी जळलेलं ऐकलंस?" शेवटी आंटीच वैतागल्या. "एक फळी द्या त्याला आणि माझं डोकं सोडा दोघं." तेव्हा कुठे ते तयार झाले.

पण त्यांची एक अट होती. मापं ते घेणार. मी प्लेटचे फोटो काढून कॉम्प्युटरवर मोजेन म्हटलं, तर "फोटो तिरका येतो" म्हणाले. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, पण मी दिलं नाही. त्यांनी पाऊस संपून हवा कोरडी होईपर्यंत थांबवलं, कारण "कागद पानी पितो आणि फुगतो." मग जानेवारीत त्यांनी प्लेटवर बटर पेपर ताणून चिकटवला, पेन्सिल आडवी धरून घासली, प्रत्येक भोकाची कड कागदावर उमटवली आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध बारीक सुईने टोचलं. मनगटाखाली वाळूची पिशवी, डोळ्याला भिंग. रोज सकाळी चर्चमधून, मिस्सावरून आल्यावर दीड-दोन तास, असं तीन दिवस. मी एकदा गेलो तेव्हा मला बोलायचीही परवानगी नव्हती. आंटी खुणेने म्हणाल्या, बाहेर बस.

तो कागद गुंडाळी करून मी स्टेशनजवळच्या दुकानात नेला. तिथे बिल्डिंगचे मोठे प्लॅन स्कॅन करतात. दुकानदाराने कागद उलगडून बघितला आणि विचारलं, "किती माळे आहेत?"

"बिल्डिंग नाही. पियानो आहे."

"बरं. पण खिडक्या फार दिल्यात."

शेठ म्हणजे आमच्या युनिटचे मालक. त्यांनी परवानगी दिली, पण शुक्रवारी. आमच्या पट्ट्यात शुक्रवारी सुट्टी असते, मशीन रिकामं असतं. शुक्रवारी वीजही जाते, कारण दुरुस्ती तेव्हाच करतात. हे शेठना माहीत होतं. मला वाटतं म्हणूनच त्यांनी शुक्रवार दिला. पहिल्या शुक्रवारी मी आणि आमचा ऑपरेटर साडेचार तास अंधाऱ्या गाळ्यात बसलो. ऑपरेटर उत्तर प्रदेशातला, मशीनवर बारा वर्षं. त्याचा एकच मंत्र: "सर, मशीन कभी गलत नहीं करता." वीज आली तेव्हा तो म्हणाला, "देखा? बिजली का गलती था."

खऱ्या फळीला हात लावण्याआधी मी एमडीएफवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या स्वस्त फळीवर, खर्जाच्या बाजूची पन्नास भोकं पाडून बघितली. जाड तारांची ही बाजू सोपी. फळी पाचरीवर कलती ठेवली होती, म्हणजे भोकं कललेली येतील. एमडीएफ उमेळ्याला नेऊन प्लेटखाली धरली, तर एक ओळ जुळायची आणि दुसरी नाही.

अंकल खूश झाले. खरंच खूश झाले. "चुकलं! मशीन चुकलं!"

मी दहा मिनिटं डोकं धरून बसलो आणि मग माझ्या लक्षात आलं. कागद सपाट होता, फळी कलती. कलती फळी वरून पाहिली की अरुंद दिसते. दहावीतली त्रिकोणमिती. मी ते हिशेबात धरलंच नव्हतं. "मी चुकलो, अंकल," मी सरळ सांगितलं, आणि दोघंही हसलो. आंटींनी चहा केला. चूक कबूल करणं किती सोपं असतं असं मला त्या दिवशी वाटलं. तेव्हा पणाला काहीच लागलेलं नव्हतं, म्हणून सोपं होतं.

पुढच्या शुक्रवारी सुधारलेली पन्नास भोकं बरोबर जुळली. अंकलनी प्लेटवरून टॉर्च मारून पन्नासही तपासली. मला खांद्यावर एक थाप मिळाली, तीही डाव्या हाताने.

मग मी पूर्ण फाइल तयार करायला बसलो, आणि इथे मी जे केलं ते लिहिताना आजही माझी चिडचिड होते.

बारीक तारांच्या बाजूला भोकं दाट असतात, ओळी वळत वळत जातात. मी स्कॅनवरच्या सुईच्या टोचण्यांवर एकेक बिंदू ठेवला. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर ओळी वेड्यावाकड्या. एक बिंदू इकडे, एक तिकडे. आमच्या कामात वेडीवाकडी रेघ म्हणजे चूक. गिऱ्हाईक फोनवर नक्षीचा फोटो पाठवतं, रेघा थरथरलेल्या असतात, मी त्या निवडतो आणि एक बटण दाबतो. रेघ गुळगुळीत होते. दिवसातून पन्नास वेळा करतो. हाताला सवयच झालेली. मी बारीक तारांचे सगळे बिंदू निवडले आणि बटण दाबलं. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी भोकं रांगेत उभी राहिली.

मला बरं वाटलं. मनात आलं, अंकलचा हात थरथरला असणार, दोन वर्षांचं दुखणं आहे, आपण गुपचूप झाकून घेतलं. मी त्यांच्यावर उपकार करतोय असं मला वाटलं. त्यांच्यावर, मी.

तुम्ही म्हणाल, आणखी एक एमडीएफ का नाही कापली? शेठ म्हणाले, "पियानो झाला की नाही? सोळा जाळ्या पडल्यात." शुक्रवार एकच होता. ऑपरेटर म्हणाला, "सर, पचास बराबर आया तो बाकी भी आयेगा." आणि मलाही तेच ऐकायचं होतं. बीच नावाच्या परदेशी लाकडाच्या थरांची ती फळी अंकलनी किती महिने वाट पाहून मागवली होती. आम्ही ती पाचरीवर बसवली आणि दोनशे एकोणतीस भोकं पाडली. त्या शुक्रवारी वीज गेली नाही. एकदाच गेली असती तर बरं झालं असतं, मी जरा थांबलो असतो.

शनिवारी ऑपरेटर फळी धरायला माझ्याबरोबर उमेळ्याला आला. ती दिसायला इतकी सुंदर होती की आंटी म्हणाल्या, "हिला झाकायची कशाला?" अंकलनी ती प्लेटखाली बसवली, वरून टॉर्च धरला. खर्जाची बाजू बरोबर. मग टॉर्च बारीक तारांकडे सरकला आणि एका जागी थांबला. त्यांनी एक खुंटी घेऊन भोकात टेकवली.

"इथे घासतंय."

पुढच्या भोकात.

"इथे पन."

ते मोजत गेले. चाळीसच्या पुढे मी ऐकणं सोडलं. शेडमध्ये फक्त खुंटी बिडाला लागल्याचा टिक टिक आवाज येत होता. ऑपरेटरला वाटलं, आपल्या मशीनवर बालंट येतंय. तो पुढे झाला. "अंकल, मशीन तो गलत नहीं करता. जो अंदर डालो, वही बाहर आता है."

अंकलनी माझ्याकडे बघितलं. "तू कागद होता तसाच घातलास ना?"

मला ते बटण आठवत होतं. मागाहून आठवलं असं मी कोणाला सांगितलं तर ते खोटं आहे. त्याच क्षणी आठवत होतं.

"हो अंकल," मी म्हणालो. "कागदावर होतं तेच."

त्यांनी टॉर्च खाली ठेवला. उजवा हात वर करून बोटं पसरली आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. बोटं हलत होती. "मग हा," ते म्हणाले. "मशीनचा काय दोष."

त्यानंतर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी कदाचित बोललो असतो. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याची सूर लावायची चावी काढली, लाकडी मुठीची, त्यांच्या वडिलांच्या हातची, आणि माझ्या हातात दिली. "तू ठेव. इंजिनियर आहेस, कधी शिकशील." ऑपरेटर खूश होऊन म्हणाला, "सर, गिफ्ट मिला." रिक्षात मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. त्याने काय केलं होतं? त्याने खरं तेच सांगितलं होतं.

चार दिवसांनी आंटीचा फोन. मंडप-डेकोरेशनवाला शेड बघून गेला. खुर्च्या ठेवायला हवी आहे, एक तारखेपासून. अंकल हो म्हणाले. हॉलच्या लोकांना त्यांनी निरोप पाठवला की कीबोर्ड घ्या, आता माझा हात राहिला नाही. "तू त्यांना समजाव," आंटी म्हणाल्या. "तुझं ऐकतात ते."

तो आठवडा मी सगळ्यांवर खेकसत होतो. मोराची मान बारीक करायला आलेल्या बाईंना मी सांगितलं की मोराची मान तेवढीच असते. शेठ म्हणाले, तब्येत बरी नाही का? ऑपरेटर जेवताना म्हणाला, "बुढ्ढे आदमी का हाथ है सर, होता है." मी डबा बंद करून उठलो. आणि तरी मी स्वतःलाच सांगत होतो की कदाचित खरंच कागद चुकला असेल. मी दुरुस्त केलं ते कमी पडलं असेल. अर्धी चूक त्यांची असेल. मला अर्धी तरी हवी होती.

रविवारी कागदाची गुंडाळी घेऊन मी उमेळ्याला गेलो. आंटी पहिल्या मिस्साला जाऊन आल्या होत्या, अंकल दुसऱ्या मिस्साला गेले होते. मला ती वेळ माहीत होती, म्हणूनच गेलो. प्लेट शेडमध्ये सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी होती. मी तिच्यावर तो बटर पेपर अंथरला, कडा जुळवल्या आणि खालून टॉर्च धरला. प्रत्येक भोक उजेडाच्या गोळ्यासारखं दिसू लागलं, आणि प्रत्येक गोळ्याच्या मधोमध सुईच्या टोचणीतून आणखी एक लख्ख ठिपका. मी एका टोकापासून सुरुवात केली. एकही ठिपका सरकलेला नव्हता. वेडीवाकडी होती ती प्लेट. कुठल्या तरी परदेशी कारखान्यात, कोणा माणसाने हाताने खुणा करून ती भोकं पाडली होती, आणि अंकलनी त्याचा वेडेपणा जसाच्या तसा उतरवला होता. थरथरत्या हाताने. तीन सकाळी.

आंटी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय बघतोस रे एवढं?"

"अंकलचा हात बघतोय."

"दिसला?"

"दिसला," मी म्हणालो, आणि अंकल यायच्या आत निघालो. ह्या पळून जाण्याचंही मला समर्थन करता येत नाही. दाखवायला अजून बरोबर कापलेली फळी नव्हती, हे खरं. पण खरं कारण असं की समोर उभा राहिलो तर पुन्हा "कागदावर होतं तेच" असंच तोंडातून निघेल, ही मला भीती होती.

पुढचा शुक्रवार एक तारखेच्या आधीचा शेवटचा, तो मी शेठकडून मागून घेतला. मी बटण न दाबता, प्रत्येक टोचणीवर एक बिंदू, अशी फाइल पुन्हा केली. एमडीएफवर पूर्ण कापायला घेतली. एकशे साठाव्या भोकाला वीज गेली. मशीनला आपण कुठे होतो ते आठवेना. ऑपरेटर म्हणाला, "यहीं से अंदाज से लगा देते हैं." मी म्हणालो, अंदाजाने काहीही लावायचं नाही. नवी एमडीएफ काढली, पहिल्यापासून सुरू केलं. दुपारी पुन्हा गेली. तिसऱ्या वेळेस पूर्ण झालं. शेठना वाया गेलेल्या दोन एमडीएफ दिसल्या आणि त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मला कोणी ओरडलेलं चालत होतं.

मग घरी येऊन पत्र लिहिलं. मामाच्या टेम्पोतून फळीबरोबर पाठवलं. मी ते आधी कॉम्प्युटरवर लिहिलं आणि मग हाताने उतरवलं, म्हणून त्याची प्रत माझ्याकडे राहिली. ती अशी:

प्रिय अंकल,

सोबत एमडीएफची एक फळी पाठवतो आहे. ती प्लेटखाली धरून वरून टॉर्च मारा. दोनशे एकोणतीसच्या दोनशे एकोणतीस भोकं तुम्हीच तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

ही फळी तुमच्या कागदावरून कापली आहे. नवा कागद नाही, तोच. मी तो रविवारी तुम्ही मिस्साला गेला होता तेव्हा प्लेटवर ठेवून पाहिला. एकही टोचणी चुकलेली नाही.

पहिली फळी मी बिघडवली. बारीक तारांच्या ओळी मला वाकड्या दिसल्या, म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर सरळ केल्या. तुमचा हात थरथरला असेल असं मला वाटलं आणि मी तुम्हाला न विचारता तो सुधारायला गेलो. तुम्ही मला विचारलंत, कागद होता तसाच घातलास ना. मी हो म्हणालो. ते खोटं होतं आणि बोलतानाच मला ते माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताकडे बघत होता आणि मी गप्प उभा होतो. मशीन चुकलं नाही, तुमचा हात चुकला नाही. मधे मी होतो.

तुम्ही मला पट्टी तिन्ही बाजूंनी काढायला लावली होती तेव्हा माझी एक बाजू सारखी चुकत होती. तुम्ही म्हणाला होता, तुला जशी असावी वाटते तशी काढू नकोस, आहे तशी काढ. मी त्या पेपरात पास झालो, पण शिकलो नव्हतो, असं आता दिसतं.

बीचची फळी माझ्यामुळे वाया गेली. दुसरी मिळवायला जितके महिने लागतील तितके लागू देत, मी आणतो. भोकं मशीन पाडेल, कागद तुम्ही काढायचा, आणि मध्ये मी कशालाही हात लावणार नाही. तुम्ही शेजारी स्टूल टाकून बसा आणि ड्रिलचा आवाज ऐका. जळतंय असं वाटलं तर हात वर करा, मी मशीन थांबवीन. फक्त शुक्रवारी वीज जाते, तेवढं सहन करावं लागेल.

डेकोरेशनवाल्याला हो म्हणालात ते तुमचा हात गेला असं समजून म्हणालात. तो गेलेला नाही. एवढं कळल्यावरही शेड द्यायची असेल तर मी खुर्च्या उतरवायला येईन. पण आधी टॉर्च मारून बघा.

तुमच्यासमोर येऊन हे सांगायचं धाडस झालं नाही. रविवारी दुसऱ्या मिस्साच्या नंतर येईन. तेव्हा जे बोलायचं ते बोला, मोठ्याने बोला, आंटींनाही ऐकू द्या.

चावी टेम्पोत मामाच्या सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. ती मी ठेवून घेऊ शकत नाही. त्याच खिळ्याला टांगा.

तुमच्या टेबलावर शिकलेला,
मी